जुना डॉलर किती रुपयांचा? मागच्या तारखेचा विनिमय दर शोधताना

मावसभावाला १९९१ साली अमेरिकेतून आलेल्या पाच हजार डॉलरचे रुपये किती झाले होते, एवढंच मला काढून द्यायचं होतं. घर बांधताना कोणी किती घातले याची भावंडांत यादी चालली होती. मी इंटरनेटवर १९९१ चा दर शोधला, २२.७४ मिळाला, गुणाकार केला: १,१३,७००. आठवड्याने मावशीच्या कपाटातून बँकेची चिठ्ठी निघाली. तारीख एप्रिलची, आणि जमा रक्कम अठ्ठ्याण्णव हजारांच्या आतबाहेर. पंधरा हजारांचा फरक, तोही भावाभावांच्या हिशेबात.

मला मिळालेला दर खोटा नव्हता. २२.७४ ही त्या कॅलेंडर वर्षाची सरासरी होती. पण त्या वर्षी डॉलर सुरुवातीला अठराच्या आसपास होता आणि डिसेंबरात पंचवीसच्या पुढे. मध्ये जुलैत दोन दिवसांच्या अंतराने रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. अशा वर्षाची सरासरी म्हणजे अर्धा वेळ चप्पल आणि अर्धा वेळ बूट घालणाऱ्याच्या पायाचं माप.

तेव्हापासून कोणी 'अमुक साली डॉलर कितीला होता?' असं विचारलं की मी आधी उलट विचारतो: कशासाठी हवाय, तारीख कोणती, आणि दर कोणाचा, बँकेने डॉलर घेतानाचा की देतानाचा? या प्रश्नांची उत्तरं ठरली की शोधायचं काम फारसं उरत नाही. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी मी वापरतो ती पद्धत इथे लिहितोय. उदाहरण डॉलर-रुपयाचं घेतलंय, कारण बहुतेकांना तेच लागतं.

पायरी पहिली: आधी कागद शोधा

ज्या व्यवहाराचा दर हवाय तो खरोखर झालेला असेल, तर त्याचा कागद कुठल्याही तक्त्याहून मोठा. बँकेची जमा-चिठ्ठी, पासबुकातली नोंद, पाठवणाऱ्याकडची पावती. त्यावर दर छापलेला नसला तरी रुपये आणि डॉलर दोन्ही आकडे असले की भागाकार करा, दर निघाला. त्यात बँकेचं कमिशन कापलेलं असू शकतं, म्हणून हा दर बाजारापेक्षा किंचित कमी दिसेल. तक्ता आणि कागद यांचं जुळलं नाही, तर कागदाचं ऐका.

कागद नसेल तर पुढे.

पायरी दुसरी: कशासाठी हवाय ते ठरवा

एकाच दिवसाचे दर किती असतात याची यादी केली तर नवखा माणूस गांगरतो. बँका आपापसांत ज्या भावाने डॉलर घेतात-देतात तो एक. त्यावरून दुपारी जाहीर होणारा संदर्भ दर दुसरा. तुमच्या खात्यात परदेशातून पैसे आले की बँक लावते तो टीटी खरेदी दर तिसरा. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, तार बंद झाली तरी नाव टिकलं. तुम्ही फी भरायला डॉलर पाठवलेत तर टीटी विक्री दर. नोटा घेतल्या-दिल्या तर त्यांचे आणखी वेगळे दर, आणि तेच ग्राहकाला सगळ्यात महाग पडतात. आयात मालावर जकात आकारायला सीमाशुल्क खातं स्वतःचा दर जाहीर करतं, आणि त्यातही आयातीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा.

घाबरू नका, यातला एकच तुम्हाला लागणार असतो.

प्राप्तिकरासाठी हवा असेल तर निवड तुमच्या हातात नाही. १९६२ च्या आयकर नियमांतला ११५ वा नियम स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर लावायला सांगतो, आणि तोही व्यवहाराच्या दिवसाचा नाही. परदेशी कंपनीचे शेअर तुम्ही १४ ऑगस्टला विकले, तर नफ्यासाठी दर लागतो ३१ जुलैचा, म्हणजे आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. लाभांशालाही तसंच. परदेशी मालमत्तेचं जे वेगळं परिशिष्ट विवरणपत्रात भरावं लागतं, तिथे मात्र कॅलेंडर वर्ष धरतात आणि खात्यातली सर्वाधिक शिल्लक ज्या तारखेला होती त्या तारखेचा दर लावतात. एकाच विवरणपत्रात दोन पद्धती. मी पहिल्या वर्षी दोन्हीकडे एकच दर लावून मोकळा झालो होतो. सीएने शांतपणे लाल पेन काढलं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी नियमांचे क्रमांक सीएकडून विचारून घ्या. आधीच्या वर्षांचे हिशेब जुन्या नियमांनीच.

यात एक व्यावहारिक अडचण आहे. स्टेट बँक रोजचा दरांचा तक्ता संकेतस्थळावर टाकते, पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवा येतो. म्हणून परदेशी शेअर किंवा पगार असणाऱ्यांनी दर महिन्याच्या अखेरीस तो तक्ता उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवायची सवय लावावी. दोन मिनिटांचं काम आहे. राहिलंच असेल, तर अलीकडच्या काही वर्षांचे तक्ते हौशी मंडळींनी रोज उतरवून जमवून ठेवलेत, ते शोधल्यावर सापडतात.

घरचा इतिहास, लेख, प्रबंध किंवा निव्वळ कुतूहल यासाठी दर हवा असेल तर संदर्भ दर किंवा सरासरी पुरते.

पायरी तिसरी: तारीख नीट धरा

शनिवार-रविवारी चलनबाजार बंद. त्या दिवशीचा म्हणून एखादं संकेतस्थळ जो आकडा दाखवतं, तो शुक्रवारचाच पुढे ओढलेला असतो. मुंबईचा बाजार १ मे ला महाराष्ट्र दिनानिमित्त बंद असतो, पण न्यूयॉर्कचा चालू असतो. ४ जुलैला उलटं. त्यामुळे भारतीय तक्त्यात दर नाही पण अमेरिकी तक्त्यात आहे, असं दिसलं तर चकायचं कारण नाही. सुट्टीच्या दिवसासाठी आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घ्या आणि तसं लिहून ठेवा.

'वर्ष' या शब्दाने जास्त फसवणूक होते. रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यांत १९९०-९१ ची सरासरी १७.९४ आणि १९९१-९२ ची २४.४७. जागतिक बँकेच्या तक्त्यात १९९१ ची २२.७४. तिन्ही बरोबर. पहिल्या दोन एप्रिल ते मार्च, तिसरी जानेवारी ते डिसेंबर. शिवाय काही तक्त्यांत सरासरीच्या शेजारी 'वर्षअखेर' असा दुसरा रकाना असतो. घाईत बोट एक रकाना सरकलं की संपलं.

एका दिवसाच्या आतही दर एक नसतो. २८ ऑगस्ट २०१३ ला रुपया तेव्हाच्या नीचांकाला गेला. त्या दिवसाचा रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर ६८.३६. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात मात्र ६८.८५, कारण तो दिवसभरातल्या सौद्यांतला तळ. तुम्ही लेखात ६८.८५ लिहिलंत आणि कोणी ६८.३६ म्हणून चूक काढली, तर दोघंही आपल्या जागी बरोबर.

पायरी चौथी: काळ बघून तक्ता निवडा

इथे जरा रमतो, कारण खरी मजा इथेच आहे.

अलीकडच्या तारखांसाठी काम सोपं. रोजचा संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक स्वतः काढायची. जुलै २०१८ पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या कंपनीकडे आहे. सकाळी साडेअकरा ते साडेबारा या तासातली कुठलीही पंधरा मिनिटं निवडून त्या वेळच्या प्रत्यक्ष सौद्यांवरून डॉलरचा दर काढतात आणि दुपारी जाहीर करतात. पौंड, युरो आणि येन यांचेही दर असतात. येनचा दर शंभर येनांचा असतो, हे विसरलात तर जपान शंभरपट महाग होईल. जुने दर दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर तारीख टाकून काढता येतात.

त्याआधीच्या काळासाठी मी सरळ अमेरिकेकडे वळतो. तिथल्या फेडरल रिझर्व्हने २ जानेवारी १९७३ पासून रोजचा डॉलर-रुपया दर दिलाय, न्यूयॉर्कच्या दुपारी बारा वाजताचा. फुकट आहे, पूर्ण यादी एका झटक्यात उतरवता येते. १९७३ नंतरच्या कुठल्याही तारखेसाठी नवख्याने सुरुवात इथूनच करावी. वार्षिक आकडे हवे असतील तर रिझर्व्ह बँकेची सांख्यिकी पुस्तिका (दरवर्षी निघते, संकेतस्थळावर आहे) आणि जागतिक बँकेचे १९६० पासूनचे तक्ते. चवीपुरते काही: १९८० ला ७.८६, १९९० ला १७.५०, २००० ला ४४.९४, २०१० ला ४५.७३, २०२० ला ७४.१०. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. २००० आणि २०१० मधला फरक पाहा, दहा वर्षांत एक रुपयाही नाही. 'रुपया सारखा पडतच असतो' म्हणणाऱ्यांना हे दोन आकडे दाखवावेत. २००७ च्या अखेरीस तर तो चाळिशीच्या आत आला होता.

यातला एक खड्डा: मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३. त्या वर्षभर भारतात कायदेशीररीत्या दोन दर होते. निर्यातदाराने किंवा परदेशातून पैसे पाठवणाऱ्याने आणलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने बदलले जायचे. सरकारी दर सव्वीसच्या आसपास, बाजार तीसच्या आसपास. म्हणून जागतिक बँकेच्या तक्त्यात १९९२ ची सरासरी २५.९२ दिसते आणि एखाद्याच्या पासबुकात त्याहून बरंच जास्त निघतं. १ मार्च १९९३ ला दोन्ही दर एक झाले आणि नंतर जवळपास दोन वर्षं डॉलर ३१.३७ लाच खिळून राहिला. त्या काळातला हिशेब असेल तर डोळे मिटून ३१.३७ लावलात तरी चालतं.

आता १९७३ च्या मागे. इथे तयार डॉलर-रुपया तक्ते विरळ होत जातात. पण तक्ता लागतच नाही, कारण रुपया पौंडाला बांधलेला होता आणि पौंड डॉलरला. दोन आकडे माहीत असले की तिसरा तुम्हीच काढू शकता. सूत्र एकच: एका पौंडाचे रुपये भागिले एका पौंडाचे डॉलर.

१९२७ पासून रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स होता. पौंडात वीस शिलिंग, शिलिंगात बारा पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. २४० भागिले १८, उत्तर १३.३३ रुपये. आपल्या आजोबांच्या भाषेत तेरा रुपये पाच आणे चार पै, अगदी पैला पै. हा अठरा पेन्सचा भाव ज्या हिल्टन यंग आयोगाच्या (ब्रिटिश सरकारने भारतीय चलनासाठी नेमलेल्या) शिफारशीवरून ठरला, त्याच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचीही साक्ष झाली होती. त्याआधी कितीतरी वर्षं भाव एक शिलिंग चार पेन्सचा होता, म्हणजे पंधरा रुपयांना पौंड. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांत हा मजकूर शोधायचा तर 'विनिमय दर' शोधू नका, 'हुंडणावळ' शोधा. हा शब्द आता गेला, पण जुन्या अंकांत ठिकठिकाणी दिसतो.

दुसऱ्या महायुद्धात पौंड ४.०३ डॉलरवर पक्का केला गेला. १३.३३ भागिले ४.०३, उत्तर ३.३१. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे डिसेंबर १९४६ मध्ये नोंदलेला रुपयाचा अधिकृत भावही हेच सांगतो: ३०.२२५ अमेरिकी सेंट. १५ ऑगस्ट १९४७ ला तोच चालू होता. तेव्हा स्वातंत्र्यदिनी 'एक रुपया म्हणजे एक डॉलर होता' असा जो संदेश दरवर्षी कुटुंबाच्या ग्रुपवर येतो, त्याला हे एका ओळीचं गणित उत्तर म्हणून पाठवा. काका रागावतील, पण पुढच्या वर्षी पाठवणार नाहीत. (माझे पाठवतात.)

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड २.८० डॉलरवर आणला. आपण पौंडाचा हात सोडला नाही. १३.३३ भागिले २.८०, डॉलर झाला ४.७६. पुढे १९६६ पर्यंत हाच, सतरा वर्षं.

मग ६ जून १९६६. ६-६-६६, विसरूच शकत नाही अशी तारीख. रविवारी रात्री सचिंद्र चौधरी या अर्थमंत्र्यांनी घोषणा केली आणि सोमवारी डॉलर साडेसात रुपयांचा झाला. वाचताना एक गोष्ट सांभाळा: या अवमूल्यनाचा आकडा कुठे ३६.५ टक्के येतो, कुठे ५७.५ टक्के. रुपयाची किंमत ३६.५ टक्क्यांनी उतरली; डॉलरची किंमत ५७.५ टक्क्यांनी चढली. ४.७६ आणि ७.५० या दोन आकड्यांतला फरक तोच, भागताना खाली कोण ठेवलंय एवढाच भेद. अवमूल्यनाच्या बातम्यांत टक्केवारी दिसली की मी मूळ दोन दर शोधतो आणि टक्केवारी सोडून देतो.

१९६७ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने पौंड पुन्हा खाली आणला, २.४० वर. या वेळी आपण मागे गेलो नाही. डॉलर साडेसातच राहिला, पौंड २१ रुपयांवरून १८ वर आला. म्हणजे १९६७ च्या आधी लंडनहून आलेल्या आणि नंतर आलेल्या पौंडांचा हिशेब एका दराने करू नका. डिसेंबर १९७१ मध्ये डॉलर स्वतःच घसरला आणि ७.२८ ला आला. १९७२ मध्ये पौंड तरंगता झाला, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोडला गेला, रुपया मात्र सप्टेंबर १९७५ पर्यंत पौंडालाच बांधलेला होता, सुमारे १८.९५ रुपयांवर. ताळा करून बघायचाय? १९७४ मध्ये पौंड सरासरी २.३४ डॉलरच्या आसपास होता. १८.९५ भागिले २.३४, उत्तर ८.१०. जागतिक बँकेच्या तक्त्यात १९७४ समोर ८.१० च आहे. हा मेळ पहिल्यांदा बसला तेव्हा मी रात्री अकराला बायकोला उठवून दाखवला होता. तिला फारसं कौतुक वाटलं नाही.

१९७५ नंतर रुपया चलनांच्या टोपलीला, म्हणजे एका चलनाऐवजी अनेक चलनांना मिळून, बांधला गेला. तिथून पुढे हे भागाकाराचं सूत्र सोडून द्या आणि रोजचा तक्ता वापरा. जुलै १९९१ मधल्या त्या दोन टप्प्यांत, १ आणि ३ तारखेला, डॉलर एकवीसवरून तेवीसवर आणि तिथून सव्वीसच्या जवळ गेला. त्या आठवड्यातला कुठलाही व्यवहार असेल तर तारीख दोनदा तपासा.

कागदावरच्या पुराव्यासाठी फिरायची तयारी असेल तर रिझर्व्ह बँकेचं मासिक बुलेटिन जानेवारी १९४७ पासून निघतं. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, आणि रिझर्व्ह बँकेचा दप्तरखानाही पुण्यातच आहे. जाण्याआधी परवानगीचं विचारून घ्या.

पायरी पाचवी: दिशा आणि नाव तपासा

आपण आज 'एका डॉलरचे इतके रुपये' म्हणतो. पण ऑगस्ट १९९३ पर्यंत भारतातल्या बँका उलट सांगायच्या: शंभर रुपयांचे इतके डॉलर किंवा इतके पौंड. जुन्या कागदावर ५.७१ असा आकडा दिसला तर १९९० मध्ये डॉलर पावणेसहाला होता असं समजू नका. शंभर भागिले ५.७१, १७.५१. उलट दरात खरेदी-विक्रीही उलटी होते; बँक डॉलर घेताना मोठा आकडा सांगते. फेडरल रिझर्व्हच्या यादीतही रुपया 'एका डॉलरचे रुपये' असा आहे, पण पौंड आणि युरो 'एका पौंडाचे डॉलर' असे. रुपयात पौंड काढायचा तर दोन्हींचा गुणाकार.

आणि 'रुपया' म्हणजे कोणता रुपया? १९४९ मध्ये पाकिस्तानने अवमूल्यन केलं नाही, त्यामुळे तिथले शंभर रुपये आपले १४४ झाले. रत्नागिरी-रायगडातली माणसं कुवेत, बहरीन, दुबईला कामाला होती, तिथे १९५९ पासून रिझर्व्ह बँकेनेच छापलेला वेगळा आखाती रुपया चालायचा. किंमत आपल्याच रुपयाएवढी. १९६६ च्या अवमूल्यनानंतर कतार, दुबईने तो टाकला. कुवेत आणि बहरीनने आधीच दिनार आणला होता. गोव्यातल्या १९६१ आधीच्या खतांवर पोर्तुगीज रुपिया किंवा अगदी शेवटच्या काही वर्षांत एस्कुदो दिसेल, सहा एस्कुदोंना एक रुपिया. हे सगळं डॉलरच्या तक्त्यात घालायच्या आधी कागदावरचं नाव भिंगातून वाचा.

पायरी सहावी: लिहून ठेवा

नुसता आकडा लिहू नका. सहा महिन्यांनी तो कुठून आणला हे तुम्हालाच आठवणार नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी असते:

'३०० डॉलर, १९७४, तारीख पावतीवर पुसट. एका डॉलरचे ८.१० रुपये, कॅलेंडर वर्षाची सरासरी, जागतिक बँक. पौंडावरून ताळा केला, जुळला. रुपये २,४३०. अंदाजे. पावती सापडल्यास बदलणे.'

मावसभावाच्या नोंदीत शेवटची ओळ आता खोडलेली आहे आणि बाजूला मावशीच्या चिठ्ठीची झेरॉक्स चिकटवलेली आहे.